ठाण्यातील कर्णबधिर संस्थेच्या विश्वस्तांचा कारभार : एक अभिप्राय

नौपाड्यातील या संस्थेत माझा धाकटा भाऊ शिवणकाम शिकतो, त्यामुळे तेथील विनामोबदला काम करणाऱ्या विश्वस्तांचा कारभार मला जवळून पाहता आला. सभेत खुर्च्या गोलाकार मांडतात, दुभाष्याच्या चेहऱ्यावर व हातांवर नीट उजेड पडेल याची काळजी घेतात आणि त्याचे हात थांबल्याशिवाय अध्यक्ष पुढचा विषय घेत नाहीत. कर्णबधिर विश्वस्त नावापुरते नाहीत. रंगरंगोटी मागे ठेवून दुभाष्याचे मानधन आधी मंजूर करायला त्यांनीच लावले, आणि ते अगदी रास्त होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार हिशेब तपासले जातात. अहवाल मात्र केवळ छापील मराठीत मिळतो. भारतीय सांकेतिक भाषेतच विचार करणाऱ्या सभासदांसाठी त्याची चित्रफीत निघालीच पाहिजे.