बाराजणींचं पुस्तक आणि ग्वाशचे आठ महिने

कर्तबगार बायकांची व्यक्तिचित्रं मी बरीच वर्षं करतेय, बहुतेक जलरंगात आणि भिंतीवर लावण्याच्या हिशोबाने. त्यातल्या बाराजणींचं लहान मुलांसाठी पुस्तक करायचं ठरलं आणि मी ग्वाशकडे वळले. प्रत्येकीला समोरासमोरची दोन पानं, बाकीची पानं धरून एकूण ३२ पानं. आठ महिने रोज हाच रंग हातात होता.

ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्वाश म्हणजे जलरंगाचंच अपारदर्शक रूप. डिंकातच कालवलेला, पण दाट. खालचं झाकतो आणि वाळल्यावर चमकत नाही. पोस्टर कलरची सवय असेल तर हात लवकर बसतो. घेताना ट्यूबवर अ‍ॅक्रिलिक ग्वाश लिहिलेलं नाही ना, ते बघा. तो एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, आणि मला तर सुटणाराच रंग हवा होता. का, ते सांगते.

पुस्तकाची पहिली डमी, म्हणजे नमुना प्रत, मी जुन्याच चित्रांवरून केली होती. ती सहा वर्षांच्या भाचीला दाखवली. मेरी क्यूरीच्या पानावर ती थांबली. मोठा चेहरा, गंभीर नजर, माझं अगदी आवडतं चित्र. "मावशी, ही काय करतेय?" मी म्हटलं, शास्त्रज्ञ आहे, हिला दोनदा नोबेल मिळालं, १९०३ मध्ये आणि १९११ मध्ये. "हो, पण आत्ता काय करतेय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाराहीजणी नुसत्या समोर बघत बसल्या होत्या. त्या रात्री मी ठरवलं की सगळ्यांच्या हातांना काम द्यायचं. क्यूरी आता रात्रीच्या अंधारात, तिच्या शेडमध्ये, रेडियमच्या मंद उजेडाच्या नळ्यांकडे वाकून बघतेय. ग्वाशमधून उजेड काढणं अवघड आहे, कारण रंग स्वतः अगदी मॅट असतो. नळ्या कितीही फिक्या केल्या तरी उजळेनात. शेवटी आजूबाजूचा अंधार तीन थरांनी गडद केला, तेव्हा कुठे त्या उजळल्या.

अशा बदलांना हा रंग साथ देतो. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगचं चित्र मी चार वेळा बदललं. तिच्या जुन्या प्रसिद्ध चित्रात टोपली आहे, हातोडा आहे, शेजारी तिचा कुत्रा ट्रे आहे. मी मात्र तिला बारा वर्षांची दाखवलं. इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या कड्यात भावाला एका प्राचीन समुद्री प्राण्याची कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा तिने शोधून काढला, ते तेच वय. आधी तिचा हात नुसता खाली लोंबत होता. ओला सपाट ब्रश त्यावर हलकेच फिरवला, सुटलेला रंग टिश्यूने टिपला, कागद पूर्ण वाळू दिला आणि वर नवा हात काढला, दगडात बोटं घातलेला. जलरंगात एवढी खोडाखोड कागदाने सोसली नसती.

पण याच गुणाने छळलंही. खालचा थर सुटून वरच्यात मिसळतो. सावित्रीबाईंच्या पानावर याचा सर्वाधिक त्रास झाला. शाळेत जाताना अंगावर चिखल-शेण फेकलं जायचं म्हणून त्या जादा लुगडं बरोबर न्यायच्या. मला ते स्वच्छ लुगडं पिशवीतून डोकावताना हवं होतं, आणि तपकिरीवर चढवलेलं पांढरं तीनदा गढूळ झालं. उपाय एकच: वरचा रंग सायीइतका दाट घ्यायचा, एकदाच हात मारायचा आणि पुन्हा घासायचं नाही. फार जाड मात्र नको. गिर्यारोहक जुंको ताबेईच्या पानावर मी बर्फ थापून लावला होता. कागद जरा वाकला आणि एव्हरेस्टला भेगा गेल्या. ४ मे १९७५ ला हिमस्खलनाखाली गाडली गेलेली ही बाई १६ मेला शिखरावर उभी होती. तिच्या पायाखालचा बर्फ असा तडकलेला मला चालणार नव्हता. ते पान पहिल्यापासून केलं.

त्वचेच्या रंगाबद्दल आवर्जून सांगते, कारण इथे माझी मोठी चूक झाली. केनियात झाडं लावण्याची चळवळ उभारणाऱ्या वंगारी माथाईचा चेहरा उजळ भागात पांढरा मिसळून रंगवला आणि तो राख फासल्यासारखा दिसू लागला. सावळ्या-काळ्या त्वचेत उजेड दाखवायला पांढरा नव्हे, नारिंगी आणि गेरूसारखा उबदार रंग लागतो. सावलीत काळा नको, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घ्या. पुन्हा केला तेव्हा तो चेहरा जिवंत झाला. हातात रोप धरलेली माथाई आता मला पुस्तकातलं सगळ्यात चांगलं चित्र वाटते.

वाळताना छटा बदलते: फिकी थोडी गडद होते, गडद थोडी फिकी. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा पट्टा त्याच कागदाच्या तुकड्यावर ओढून वाळवून बघत गेले. कागद जाड, ३०० जीएसएमचा. कोल्ड प्रेसने, म्हणजे दाणेदार कागदाने, सुरुवात केली, पण स्कॅनमध्ये कागदाच्या दाण्याची सावली गालांवर यायला लागली. मग गुळगुळीत, हॉट प्रेस घेतला. स्कॅनिंगला ग्वाश उत्तम, चकाकी अजिबात येत नाही. छपाईत मात्र झगझगीत नारिंगी आणि जांभळा मरतात, त्यामुळे नमुना पान छापून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक तक्रार आहे. एका झगझगीत गुलाबी ट्यूबचा पट्टा खिडकीशी राहिला आणि काही आठवड्यांत उडाला. छापायच्या कामात हे चालून जातं, मूळ चित्रं जपायची असतील तर नाही. उजेडात टिकण्याची खूण ट्यूबवर असते, ती बघूनच घ्या. मूळ चित्रं मी बटर पेपर घालून सपाट ठेवलीत, कारण पाण्याचा एक थेंबही डाग पाडतो.

पुढच्या पुस्तकालाही ग्वाशच वापरणार आहे. तुम्ही सुरुवात करत असाल तर पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्या. बाकीचे रंग अर्धेही संपले नव्हते तेव्हा माझा पांढरा दुसऱ्यांदा संपला होता.