पॅडवरचे पुसलेले आकडे : पॉलिशिंग संचाचा दहा महिन्यांचा अनुभव

छोट्या प्रतिकृती-गाड्यांचा रंग घासून चकचकीत करण्यासाठीचा नऊ पॅडांचा हा संच मी गेल्या मे महिन्यात मागवला होता. त्यांच्या १५०० पासून १२००० पर्यंतच्या प्रती (खरखरीतपणाच्या पायऱ्या; आकडा मोठा तितका पॅड बारीक) असतात आणि ते ओले करून वापरायचे असतात, हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे; म्हणून थेट त्या आकड्यांकडेच येतो, कारण त्यांच्यापायी माझी एक गाडी वाया जाता जाता राहिली.

प्रत्येक पॅडच्या कडेला त्याचा आकडा छापलेला असतो. चौथ्या-पाचव्या वापरातच ही छपाई फिकट झाली आणि जुलै उजाडेपर्यंत नऊपैकी सहा पॅड कोरे झाले. रंगांवरून ओळखावेत तर ३२०० आणि ८००० यांची राखाडी छटा ओली झाल्यावर जवळजवळ सारखीच दिसते. तामिया या जपानी कंपनीच्या १/२४ प्रमाणातील १९६६ सालच्या फोक्सवॅगन बीटलचे छत मी ६००० पर्यंत आणले होते. त्यानंतर ८००० समजून जो पॅड उचलला तो ३२०० निघाला. ट्यूबलाइटखाली बॉडी तिरकी धरली तेव्हा संपूर्ण छतावर केसासारखे बारीक, एकाच दिशेचे ओरखडे दिसले. ते घालवण्यासाठी पुन्हा मागच्या प्रतींकडे जावे लागले, आणि बॉनेटच्या मधोमध जी उंचवट्याची रेघ आहे तिथे क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) व लाल रंग दोन्ही उडून प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) उघडा पडला. रंगाचा सगळा थर कागदापेक्षाही पातळ असतो आणि कडेवर तो आणखी पातळ होतो, त्यामुळे तिथे चूक सुधारायला जागाच राहत नाही.

विक्रेत्याकडे तक्रार केली. पॅड पाण्यात वापरल्यामुळे छपाई जाणे हा दोष मानता येत नाही, असे उत्तर आले. वास्तविक पाकिटातल्या सूचनापत्रावरच ओले करून वापरा असे लिहिलेले आहे. त्या पत्राचा फोटो पाठवल्यावर पुढच्या खरेदीसाठी सवलतीचे कूपन मिळाले, जे मी वापरले नाही. संचाला दिलेल्या पैशांत म्हापशाच्या हार्डवेअरच्या दुकानातून वर्षभर पुरेल एवढा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर) आला असता, आणि तेव्हा मी सर्वांना तोच सल्ला देत होतो.

तो सल्ला मला आता मागे घ्यावा लागतो, कारण जुलैतल्या फजितीचा निम्मा दोष पॅडांचा नव्हता. बीटलवर तामियाचा टीएस-८ लाल स्प्रे आणि त्यावर टीएस-१३ क्लिअर मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन पावसात मारला होता. स्प्रेमधले सॉल्व्हंट (रंग विरघळवणारा द्रव) उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, हे माहीत असल्यामुळे पांढरट झाक येऊ नये म्हणून मी पाऊस उघडलेला दिवस निवडला होता. परंतु रंग आतून वाळायला किती दिवस लागतील याचा विचार केला नाही. आठवड्याभरात घासायला बसलो. संध्याकाळी आलेली चकाकी चार दिवसांनी मंद झाली, कारण उरलेले सॉल्व्हंट बाहेर पडत होते, थर आकसत होता आणि बुजलेले ओरखडे पुन्हा वर येत होते. मी मात्र दर वेळी पॅडला बोल लावत होतो.

चवथ (गणेशचतुर्थी) उरकल्यावर बॉडीचा रंग उतरवला आणि डिसेंबरात कोरड्या हवेत पुन्हा रंगवली. या वेळी तीन आठवडे हात लावला नाही. बॉडी नाकाशी धरल्यावर रंगाचा वास अजिबात येत नाही, अशी खात्री झाल्यावरच सुरुवात केली. शिवाय १५०० पासून न करता ३२०० पासून केली. या संचातला १५०० हा त्याच आकड्याच्या वॉटर पेपरपेक्षा बराच खरखरीत आहे, आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा फारसा नसेल तर त्याची गरज पडत नाही. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला. आमच्या विहिरीच्या पाण्यात जांभ्या मातीचा बारीक गाळ येतो, म्हणून पाणी फडक्यातून दोनदा गाळून घेतले. बॉनेटची रेघ आणि दारांच्या कडा यांवर मास्किंग टेप लावून ठेवली व ती शेवटच्या दोन प्रतींनाच काढली.

त्यानंतर तामियाचे कंपाउंड (चकाकी आणणारी पेस्ट) वापरले. लाल टोपणाच्या भरड कंपाउंडच्या ट्यूबला हात लावावा लागला नाही. निळ्या टोपणाचे फाइन आणि पांढऱ्या टोपणाचे फिनिश पुरेसे झाले. वाटाण्याएवढे कंपाउंड संपूर्ण छताला पुरते, त्यामुळे २२ मिलीची ट्यूब दहा महिन्यांत एक तृतीयांशही संपलेली नाही. दारांच्या फटींत अडकलेला पांढरा अंश वाळण्याआधी मऊ टूथब्रशने काढावा, नंतर तो चिकटून बसतो. छतावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब आधी लाटेसारखे वाकडे दिसत असे; आता दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ दिसतात. ते पाहून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

संच पुन्हा घेईन. दोन पॅडांचा फोम सुटू लागला आहे, परंतु दहा महिन्यांनंतर त्याची तक्रार नाही. आकड्यांची आहे, आणि त्यावर उपाय आपला आपणच करावा. पॅड चौकोनी असल्यामुळे मी १५००, १८००, २४०० आणि ३२०० यांचे अनुक्रमे एक, दोन, तीन व चार कोपरे कात्रीने छाटले. ३६००, ४०००, ६००० आणि ८००० यांच्या बाजूंना त्याच क्रमाने एक ते चार खाचा दिल्या. १२००० अखंड ठेवला. हात साबणाने भरलेले असतानाही अंगठा कडेवरून फिरवला की पॅड कोणता ते कळते. नवा संच आणलात तर तो पाण्यात घालण्यापूर्वी, आकडे वाचता येतात तोवरच, हे काम उरकून घ्या.