घरचा स्लॉट कार ट्रॅक: अ‍ॅनालॉग की डिजिटल? दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव

स्लॉट कार म्हणजे खाचेच्या ट्रॅकवर पळणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्या; अ‍ॅनालॉगमधे एका लेनवर एकच गाडी, डिजिटलमधे अनेक. ज्यांना एका ओळीत उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. रोज ट्रॅकवर दोनच माणसं बसणार असतील तर अ‍ॅनालॉग घ्या आणि वाचलेले पैसे टायर, वायरिंग आणि जास्तीच्या ट्रॅकवर घाला. तीन-चार जण नेमाने जमणार असतील तरच डिजिटलच्या वाटेला जा. बाकीचं खाली सविस्तर लिहितोय, लांबलंय जरा.

आमच्याकडे हे प्रकरण दिवाळीत सुरू झालं. बहीण इंग्लंडमधे लेस्टरला असते, तिने येताना बॅगेतून स्केलेक्स्ट्रिक ह्या ब्रँडचा साधा अ‍ॅनालॉग सेट आणला, 1:32 स्केलचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या गाड्या. इथे हा माल मिळतो पण मोजकाच, आणि बाहेरून मागवला की शिपिंग आणि कस्टम धरून आकडा कुठल्या कुठे जातो, त्यामुळे तिकडून कोणी येणार असेल तर बॅगेत जागा आधीच बुक करून ठेवा. व्होल्टेजची काळजी नको, तिकडेही 230 च आहे, फक्त पिन वेगळी, कन्व्हर्टर लावला की झालं. मग तीन-चार महिन्यांनी एआरसी प्रो नावाचा त्यांचाच डिजिटल पॉवरबेस (ट्रॅकला वीज आणि कंट्रोलरचे सिग्नल देणारा तुकडा) घेतला, आणि आता दोन्ही प्रकार मनसोक्त चालवून झालेत. पॉवरबेस घेतला म्हणजे सगळं नवीन घ्यावं लागतं असं नाही, ट्रॅक तोच राहतो, आणि हा बेस अ‍ॅनालॉग मोडमधेही चालतो, हे मला घेण्याआधी कोणी धड सांगितलं नव्हतं म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकमधे खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूला धातूच्या पट्ट्या, त्यातून कमी दाबाचा डीसी करंट गाडीच्या मोटरला मिळतो, आणि तुमच्या हातात फक्त ट्रिगर. स्टिअरिंग नाही. 1957 मधे इंग्लंडमधे फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं तेव्हापासून अ‍ॅनालॉगचं तत्त्व जवळपास तेच आहे. ट्रिगर दाबाल तेवढा करंट त्या लेनला जातो, म्हणजे गाडीला काहीच कळत नसतं, लेन जे देईल ते ती घेते. म्हणूनच एका लेनवर एकच गाडी. डिजिटलमधे उलट आहे, ट्रॅकवर करंट कायम चालू असतो, त्यातूनच प्रत्येक गाडीसाठी वेगळा सिग्नल जातो आणि गाडीतली चिप आपल्यापुरतं वाचून मोटर चालवते. त्यामुळे एकाच लेनवर दोन-तीन गाड्या पुढेमागे पळू शकतात आणि बटण दाबून लेन बदलता येते. स्केलेक्स्ट्रिकमधे सहा गाड्यांपर्यंत.

आता बोर्ड. ह्याबद्दल कोणी नीट लिहीत नाही आणि सगळा खेळ तिथेच आहे. जमिनीवर ट्रॅक मांडून खेळाल तर चार दिवसात कंटाळाल, मांडा-काढा, फरशीची धूळ, केस, कोणाचा तरी पाय. मी 8 बाय 4 चा प्लाय घ्यायचं ठरवलं तर आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधे 8 फुटी शीट जात नाही, डोंबिवलीतल्या बहुतेक बिल्डिंगमधे जाणार नाही. म्हणून दुकानातच मधोमध कापून 4 बाय 4 चे दोन तुकडे करून घेतले, सुताराने खालून बिजागऱ्या लावून दिल्या, खेळ झाला की घडी घालून कपाटाच्या बाजूला उभा. फक्त जोडावरचे ट्रॅकचे तुकडे तेवढे आधी सोडवून घ्यायचे, बाकीचे स्क्रूने बसवलेत तसेच राहतात. सुताराला सांगताना एक सांगा की जोड एका लेव्हलला आला पाहिजे, अर्धा मिलिमीटर जरी वरखाली राहिला तरी गाडीचा गाइड, म्हणजे खाचेत फिरणारी पोटाखालची पाती, तिथे उडी मारतो आणि प्रत्येक लॅपला तुम्ही सुताराच्या नावाने बोटं मोडता.

मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ह्या ट्रॅकची रुंदी 156 मिमी, सरळ तुकडा 350 मिमी. वळणांचे R1, R2, R3 असे आकार असतात, आकडा मोठा तेवढं वळण मोठं. सेटमधे साधारण R2 वळणं येतात, 45 अंशाचे चार तुकडे जोडले की अर्धा गोल होतो आणि त्याची बाहेरची रुंदी 896 मिमी. त्याच्या बाहेर R3 लावलं तर 1208. चार फूट म्हणजे 1219 मिमी. म्हणजे R3 चार फुटी बोर्डवर बसतं हो, पण दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरचं अंतर उरतं, गाडीची शेपटी घसरली की थेट खाली. आमच्याकडे एका पोर्शेचा मागचा स्पॉयलर असाच गेला. त्यामुळे चार फुटात मोठं वळण हवंच असेल तर कडेला दोन इंचाची पट्टी वाढवून घ्या आणि फोमची भिंत उभी करा. कॅरेरा ह्या दुसऱ्या ब्रँडचा ट्रॅक आणखी रुंद असतो, 198 मिमी, गाड्यांना मोकळी जागा मिळते, पण आपल्या फ्लॅटच्या खोलीत तेवढ्याच जागेत कमी वळणं बसतात. दोघांचे ट्रॅक सरळ एकमेकांना जुळत नाहीत, तेव्हा घेताना एक बाजू ठरवून घ्या.

अ‍ॅनालॉगमधला एक गणिती भाग मला फार आवडला. साधा बंद ट्रॅक असेल, कुठेही एकमेकांवरून न जाणारा, तर बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा नेहमी साधारण 49 सेंटीमीटर लांब असते. ट्रॅकचा आकार कसाही असू दे, वाकडातिकडा, लांबट, शेंगेसारखा. कारण दोन खाचांमधलं अंतर 78 मिमी आणि पूर्ण फेरीत गाडी एकूण 360 अंशच वळते, म्हणजे 2 गुणिले पाय गुणिले 78. भाचा रोज म्हणायचा बाहेरची लेन लांब आहे, मला ती लेन नको, मी म्हणायचो तुझा स्पीड कमी पडतो. शेवटी कागदावर हिशोब केला आणि पोरगा बरोबर निघाला! उपाय दोन आहेत. एक म्हणजे पूल टाकून इंग्रजी आठचा आकार करा, मग डावी-उजवी वळणं फिटंफाट होऊन दोन्ही लेन सारख्या होतात. दुसरा सोपा, प्रत्येकाने दोन्ही लेनवर सारखा वेळ चालवायचं आणि लॅप मिळवायचे. आम्ही दुसराच करतो, पुलाला उंची लागते आणि आमच्याकडे पुलाखालून गाड्या कमी आणि मांजर जास्त जातं.

मॅग्नेट. गाडीच्या पोटात छोटं चुंबक असतं, ते ट्रॅकच्या लोखंडी पट्टीला ओढून धरतं म्हणून गाडी वळणात फेकली जात नाही. पहिले काही आठवडे मजा येते, मग लक्षात येतं की अर्धा ट्रॅक ट्रिगर पूर्ण दाबूनच निघतोय. तेव्हा एक दिवस चुंबक काढून बघा. गाडी एकदम वेगळी होते, शेपटी घसरते, वळणाआधी खरंच सोडावं लागतं, आणि हात बसायला वेळ लागतो पण मग परत चुंबक लावावंसं वाटत नाही. इथे अ‍ॅनालॉग सरस ठरतं, कारण बाहेरचा अ‍ॅडजस्टेबल पॉवर सप्लाय लावून 15 व्होल्टवरून 10-11 वर आणता येतं आणि बिनचुंबकाची गाडी मऊ चालते. डिजिटलमधे ट्रॅकचा व्होल्टेज मनाला येईल तसा खाली आणता येत नाही, चिपला ठराविक पॉवर लागते, बेसला जोडलेल्या फोनवरच्या अ‍ॅपमधून कमाल स्पीड कमी करता येतो पण ट्रिगरचा तो फील येत नाही असं माझं मत आहे. बऱ्याच जणांना फरक जाणवणारही नाही.

टायरबद्दल दोन शब्द. नवीन गाडीचे टायर पूर्ण गोल नसतात, उंच-सखल असतात. बारीक सँडपेपर सपाट ठेवून त्यावर मागची चाकं हलकेच टेकवून मोटर हळू फिरवली की रबर एकसारखं घासलं जातं. रेसच्या आधी चिकटपट्टी उलटी करून टेबलावर लावायची आणि मागचे टायर त्यावर दोनदा फिरवायचे, पट्टीवर काळा-करडा धुळीचा पट्टा उमटतो आणि ग्रिप लगेच वाढते. ह्याला पाच रुपये पण लागत नाहीत आणि महागड्या टायरएवढा फरक पडतो, निदान घरच्या ट्रॅकवर.

डिजिटल आल्यावर घराचं वातावरणच बदललं हे मात्र मान्य केलं पाहिजे. मे महिन्यात भाचे-पुतण्या सगळे जमले, चार कंट्रोलर, वायरलेस, कोणी पलंगावर कोणी खिडकीत बसून, आणि जो काही आरडाओरडा. लेन बदलायची गंमत अशी की बटण दाबल्यावर गाडीच्या खालच्या इन्फ्रारेड दिव्याचा सिग्नल ट्रॅकमधल्या सेन्सरने वाचला की आतली छोटी पाती टिक करून सरकते आणि गाडी तिरपी पलीकडे जाते. बटण उशिरा दाबलं तर संधी गेली, आणि पलीकडच्या लेनमधे कोणी आधीच असेल तर सरळ ठोकर. आता ती 49 सेंटीमीटरची गोष्ट आठवा, डिजिटलमधे आतली लेन सगळ्यांनाच हवी असते, म्हणून आत शिरायची मारामारी, आणि त्यातूनच खरी रेस होते. अ‍ॅनालॉगमधे तुम्ही शेजारच्याशी नाही, स्वतःच्या मागच्या लॅपशीच जास्त खेळत असता. अ‍ॅपमधे इंधन, टायरची झीज, पाऊस असले प्रकार आहेत, पिटमधे यावं लागतं. पोरांना इंधनाचं वेड लागलं, मोठ्यांनी दोन दिवसात बंद केलं. हेडलाइट गाडी उभी असतानाही चालू राहतात, अ‍ॅनालॉगमधे ट्रिगर सोडला की विझतात, त्यामुळे दिवे घालवून रात्रीची रेस करायची तर डिजिटलच.

बाबांना मात्र ते बटण जमलं नाही. म्हणाले, "मी गाडी चालवू की लिफ्ट बोलावू?" ते आले की आम्ही अ‍ॅनालॉग मोडवर जातो, आणि खरं सांगायचं तर तेव्हा स्पर्धा जास्त चुरशीची होते.

डिजिटलच्या अडचणी ज्या घेण्याआधी विचारात घ्या: 8 बाय 4 वर आमचा लॅप आठ-नऊ मीटरचा आहे, त्यावर सहा गाड्या सोडल्या तर तो शिळफाट्याचा ट्रॅफिक होतो, तीन उत्तम, चार म्हणजे हद्द. लेन बदलायचे तुकडे लांब असतात, सरळ जागा खातात. प्रत्येक गाडीला चिप लागते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना पोटाशी झाकण असतं, स्क्रू काढून आतला साधा प्लग काढायचा आणि चिप खोचायची, चहा उकळेपर्यंत होतं, पण जुन्या गाडीला सोल्डरिंग करावं लागतं आणि आत जागाही करावी लागते. आणि चिप नसलेली गाडी डिजिटल चालू असताना ट्रॅकवर ठेवू नका, मोटर तापून जळते, घरी आलेल्या पाहुण्यांची पोरं असताना साध्या गाड्या कपाटातच ठेवा. वायरलेस कंट्रोलरला ट्रिपल ए सेल लागतात, रिचार्जेबल घेऊन ठेवा.

वायरिंग दोन्हीकडे हवंच. ट्रॅकच्या प्रत्येक जोडावर थोडा थोडा व्होल्टेज पडतो आणि पॉवरबेसपासून लांबच्या कोपऱ्यात गाडी सुस्तावते. मी खालून घरगुती वायरिंगची 1.5 स्क्वेअर एमएमची वायर फिरवून तीन ठिकाणी पट्ट्यांना सोल्डर केली, फ्लक्स चांगला घ्या नाहीतर लोखंडाला डाग धरत नाही. दोन लेनच्या मिळून चार वायर, रंग वेगवेगळे ठेवा, अ‍ॅनालॉगमधे दोन लेनच्या वायरी एकमेकांत गेल्या तर एकाच्या ट्रिगरने दुसऱ्याची गाडी पळते. डिजिटलमधे सगळ्या गाड्यांचा करंट त्याच पट्ट्यांतून जातो म्हणून तिथे हे जास्तच गरजेचं, आणि गाड्या वाढल्या तर बेसला दुसरा पॉवर सप्लाय जोडायची सोय आहे.

पावसाळा हा आपल्याकडचा खास विषय. जुलैमधे आठवडाभर ट्रॅक उघडा राहिला की पट्ट्यांवर तांबूस डाग येतात आणि गाड्या अडखळतात. कॅरेराच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. बाकीच्यांनी सुती फडक्यावर डब्ल्यूडी-40 चा एकच फवारा मारून पट्ट्या पुसाव्यात आणि लगेच कोरड्या फडक्याने परत पुसाव्यात, थेट ट्रॅकवर मारलं तर टायर तेलकट होऊन दिवसभर घसरगुंडी. घडी घातल्यावर बोर्डवर जुनी चादर टाकतो. गाइडखालच्या विणलेल्या तारेच्या पट्ट्या मधून मधून सरळ करून टोकं जराशी पसरवायची, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. लेन बदलायच्या सेन्सरवर धूळ बसली की बटण दाबूनही गाडी सरळच जाते, मऊ ब्रशने झटका.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी: मी दोन गाड्या आणि काही ट्रॅक जुना घेतला, त्यातली एक गाडी विकणाऱ्याने "डिजिटल आहे" म्हणून दिली आणि आत चिपच नव्हती, झाकण उघडून दाखवायला सांगा. जुना ट्रॅक 2000 च्या आधीचा असेल तर त्याचा जोड वेगळा असतो, कन्व्हर्टर तुकडा मिळतो, पण पट्ट्या गंजलेल्या असतील तर घेऊ नका, घासून चकचकीत केलं तरी पहिल्या पावसात गंज परत येतो. सरळ पट्ट्याचे किती तुकडे आहेत ते मोजून घ्या, फोटोत नेहमी जास्त वाटतात.