फर्स्ट इयरच्या रूमवर भाड्याचा लोखंडी कूलर: घेण्याजोगा, पण बघूनच

पावसाळ्यात ॲडमिशन घेऊन बजाजनगर, नंदनवन किंवा हिंगणा रोडला रूम केलेल्या बाहेरगावच्या पोरांना नागपूरचा उन्हाळा भेटतो तो थेट दुसऱ्या सेमिस्टरला. होळी झाली की पंखा गरम हवा फेकू लागतो, त्यात उन्हाळी परीक्षा डोक्यावर. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या आगेमागे असणं यात तर बातमीसुद्धा नाही. मुंबई-कोकणातली मुलं लगेच एसीचा हिशेब मांडतात. गरज नाही. इथली उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे कूलरच्या ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या वुडवुलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) गाद्यांतून, ओढलेली हवा खरोखर गार होते.

विकत घ्यावा की भाड्याने? पहिल्या वर्षी भाड्यानेच. दुसऱ्या वर्षी रूम बदलते, पार्टनर बदलतात आणि जुलैनंतर ते धूड ठेवायला जागा नसते. प्लास्टिकचा छोटा पर्सनल कूलर एकट्याच्या तोंडावर वारा मारतो, दोघांच्या रूमला पुरत नाही. दहा बाय बाराच्या खोलीला १५-१६ इंची पंख्याचा लोखंडी कूलर बरोबर बसतो. १८ इंची घेतलात तर वारा भरपूर, पण आवाजात अभ्यास होत नाही आणि नोट्स उडतात. फेब्रुवारी संपण्याआधी दुकान गाठा. एप्रिलमध्ये उरतो तो गाळ.

दुकानात पाणी भरून चालू करायला लावा, कोरडा कूलर सगळेच छान दाखवतात. टाकीचा तळ गंजलेला असतो, त्यावर डांबर मारलेलं चालेल, पण ओल झिरपायला नको. पंखा नुसता गुणगुणत असेल आणि हाताने ढकलल्यावरच फिरत असेल तर कंडेन्सर गेलाय, तिथेच बदलून घ्या. ताट्या गेल्या वर्षीच्या असतील तर हमखास नव्या मागा, वरचे पैसे लागले तरी. जुन्या ताट्यांचं वुडवुल खाली बसतं, वर मोकळी जागा राहते आणि तिथून गरम हवा सरळ आत येते. नव्या ताट्यांना पहिले एक-दोन दिवस लाकडाचा वास येतो, पाणीही तांबूस होतं. ते एकदा फेकून द्यायचं.

सगळ्यात जास्त घोळ जागेचा होतो. कूलर खोलीच्या आत, भिंतीला टेकवून ठेवला की तो आतलीच दमट हवा फिरवतो आणि तासाभरात अंग चिकचिकतं. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी, स्टँडवर, आणि समोरचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी. दारं लावून बसणाऱ्यांना एसीची सवय असते, बाकी काही नाही. आधी नुसता पंप दहा मिनिटं चालवून ताट्या भिजू द्या, मग पंखा लावा. ताटीवर कोरडे पट्टे दिसले तर वरच्या नळीची भोकं बुजलेली असतात. बोअरच्या जड पाण्याने हे वारंवार होतं. काडीने मोकळी करायची, पंपाची जाळीही धुवायची.

पाणी हा घरमालकाशी भांडणाचा विषय. भर दुपारी असा कूलर तासाला पाच-दहा लिटर सहज पितो, म्हणजे ४० लिटरची टाकी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. पाणी संपून पंप कोरडा चालला की जळतो. विजेचं म्हणाल तर २०० वॉटचा पंखा आणि १८ वॉटचा पंप दहा तास चालवल्यास सव्वादोन युनिटच्या आत काम होतं. सबमीटर असेल तर मालकाचा युनिटचा दर आधीच विचारून ठेवा.

आता ज्यात तडजोड नाही ते. ओला लोखंडी डबा आणि जुन्या घराचं वायरिंग, दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग असलेलं सॉकेटच वापरा. दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून जाड पिन तोडू नका. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चालू कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावून दिवा लागला तर तो त्याच दिवशी परत.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासा, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. परीक्षा संपवून गावी जाताना टाकी भरलेली सोडणारे बरेच असतात.

मृगाचा पाऊस पडला की याचा खेळ संपला. हवेतच ओल असते, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. भाडं सीझनचं असतं, त्यामुळे लवकर परत केला म्हणून पैसे सुटत नाहीत. डिपॉझिट मात्र टाकीच्या भोकावरून कापलं जातं, तेव्हा घेतानाच तळाचा आणि तिन्ही ताट्यांच्या चौकटींचा फोटो काढून ठेवा.