दुकातला हवा असलेला पुतळा

'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' या अंतराळातल्या मालिकेच्या सहाव्या पर्वात कार्डासियन सेनाधिकारी गुल दुकात जवळजवळ युद्ध जिंकलेला असतो. अशा वेळी तो डोमिनियन या मित्रसाम्राज्याचा प्रतिनिधी वेयून याच्याजवळ आपल्या मनातली सल बोलून दाखवतो. बेजोरच्या लोकांना मी पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, पण आजतागायत त्या ग्रहावर माझा एक तरी पुतळा आहे का? वेयून थंडपणे म्हणतो, नसावा बहुधा. दुकातची भूमिका करणारा मार्क अलैमो हे बोलतो तेव्हा त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला असतो. ज्यांच्या कत्तली केल्या त्यांनी आपल्याला दुवा द्यावा, ही त्याची मनापासूनची अपेक्षा आहे. छोट्या पडद्यावर याहून भीतिदायक खलनायक मी पाहिलेला नाही, आणि या प्रसंगात कोणी साधं शस्त्रही उचलत नाही.

१९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'च्या पसाऱ्यातली ही मालिका जानेवारी १९९३ ते जून १९९९ या काळात अमेरिकेत दाखवली गेली. एकूण सात पर्वं. माझ्या भाच्याने तिच्या डीव्हीडींचा संपूर्ण संच मला आणून दिला आणि म्हणाला, "मावशी, तू शाळेत इतिहास शिकवलास. बाकीच्या मालिका राहू दे, तुला हीच आवडेल." ती आवडली, आणि तिच्यावरून आमचे वादही भरपूर झाले. हे परीक्षण त्या वादांमधूनच तयार झालं आहे.

आधी मांडणी सांगते. आधीच्या दोन्ही मालिकांमध्ये यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जायचं, तिथला प्रश्न सोडवायचं आणि पुढे निघायचं. इथे यान नाही, एक अंतराळ स्थानक आहे. कार्डासियन लोकांनी बेजोर हा ग्रह सुमारे ५० वर्षं ताब्यात ठेवला, त्याची लूट केली आणि मग तो सोडून गेले. स्थानक त्यांनीच बांधलेलं. तिथे बेजोरच्या वेठबिगारांकडून खनिज शुद्ध करून घेतलं जायचं. आता फेडरेशनचा, म्हणजे पृथ्वीसह अनेक ग्रहांच्या संघाचा, बेंजामिन सिस्को तिथला प्रमुख आहे आणि त्याच्या हाताखाली बेजोरची मेजर किरा नेरीस आहे, जिने लहानपणापासून कार्डासियनांविरुद्ध बंदूक चालवली. बेजोरचा शेवटचा कार्डासियन प्रशासक म्हणजे दुकात. सिस्को ज्या कार्यालयात बसतो ते एकेकाळी त्याचं होतं.

कथा एकाच जागी थांबली की खलनायकाला पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. मालिकेची सगळी ताकद या एका निर्णयात आहे असं मला वाटतं. पहिल्या आठवड्यात केलेली तडजोड विसाव्या आठवड्यात दारात उभी राहते. किराला ज्याचा गळा दाबावासा वाटतो त्याच्याच शेजारी बसून वाटाघाटी कराव्या लागतात. नवं स्वातंत्र्य मिळालेल्या देशाचं हे चित्र आपल्याला वेगळं समजावून द्यायला नको.

पहिल्या पर्वातला शेवटून दुसरा भाग 'ड्युएट' हा याचा कळस आहे, इतक्या लवकर आलेला. एक आजारी कार्डासियन स्थानकावर येतो. त्याला जो रोग आहे तो फक्त गॅलिटेपच्या श्रमछावणीत झालेल्या अपघातातच जडू शकत होता, म्हणजे हा माणूस तिथे होता. किरा त्याला कोठडीत टाकते आणि चौकशी सुरू होते. तो आधी म्हणतो, मी साधा कारकून होतो. मग तो उघड करतो की मीच छावणीचा प्रमुख, गॅलिटेपचा कसाई, आणि आपल्या कृत्यांचं अभिमानाने वर्णन करू लागतो. शेवटी कळतं, तो खरंच कारकून होता, मारित्झा नावाचा. रात्री कानावर हात दाबून किंकाळ्या टाळणारा. त्याने शस्त्रक्रियेने चेहरा बदलून घेतला तो प्रमुखाच्या नावाने खटला चालावा, फाशी व्हावी आणि कार्डासियाला आपला गुन्हा कबूल करावा लागावा म्हणून. सगळा भाग जवळजवळ एका कोठडीत घडतो, दोन नट आणि एक पडदा बस. हॅरिस युलिन आणि नाना व्हिजिटर यांनी तिथे जे केलंय ते बघताना मी जागची हलले नाही.

आता दुकातबद्दल. तो मला इतका ओळखीचा का वाटला, ते सांगते. माझं घर साताऱ्यात. साताऱ्याचं राज्य १८४८ साली डलहौसीने खालसा केलं. त्याच डलहौसीने १८५६ मध्ये परत जाताना आपल्या कारभाराचा अहवाल लिहिला आणि त्यात रेल्वे, एकसारखं टपाल आणि तारायंत्र या तिन्हींना समाजसुधारणेची महान यंत्रं म्हटलं. तो अहवाल लिहिणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटतच नव्हतं. आमच्या परीक्षांत 'ब्रिटिश राजवटीचे परिणाम' हा प्रश्न कायमचा, आणि मुलं पहिल्या ओळीत रेल्वे लिहायची. मग दादाभाई नौरोजींचं आर्थिक निःसारण समजावून सांगायला माझा एक पूर्ण तास जायचा. दुकातचं भाषण ऐकताना मला तो तास आठवायचा. पुतळ्यांचं म्हणाल तर आपल्या ब्रिटिश राज्यकर्त्यांना ते मिळाले. मुंबईत ज्याच्यामुळे त्या चौकाला काळा घोडा म्हणतात तो युवराजाचा पुतळा १९६५ साली तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ नेला, तोपर्यंत तो भर रस्त्यात उभा होता.

अमेरिकन लेखकांनी हा माणूस लिहिताना समोर आपला इतिहास ठेवला असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे युरोपातल्या छळछावण्या होत्या, हे 'ड्युएट'मध्ये स्पष्ट दिसतं. पण परकी सत्ता स्वतःला उपकारकर्ती समजते तेव्हा ती कशी बोलते, कशी हसते, कोणत्या सुरात 'मेजर' म्हणते, हे अलैमोने इतकं बारकाईने पकडलं आहे की ते कुठल्याही जित देशाला लागू पडावं.

आमचं खरं भांडण 'वॉल्ट्झ'वरून. सहाव्याच पर्वातला हा भाग, रोनाल्ड मूर यांनी लिहिलेला. मुलगी गमावून दुकात खचला आहे, सिस्को जखमी आहे आणि दोघं एका ओसाड ग्रहावर अडकले आहेत. दुकातला सिस्कोच्या तोंडून आपली निर्दोषता वदवून घ्यायची आहे. तो हिशेब मांडतो : पहिल्याच हुकुमाने छावण्यांतलं उत्पादनाचं लक्ष्य निम्म्यावर आणलं, बालमजुरी बंद केली, औषधोपचार सुधारले, शिधा वाढवला. महिन्याभरात मृत्युदर २० टक्क्यांनी घटला. आणि बेजोरवाल्यांनी काय केलं? गोदी उडवून २०० हून अधिक कार्डासियन मारले. मग मीही संशयितांपैकी २०० जणांना पकडून मारून टाकलं. हे सगळं सांगताना तो रास्त वाटावा असा त्याचा आग्रह असतो. विचार करा, मृत्युदर पाचव्या हिश्शाने कमी झाला याचा अभिमान! उरलेल्या चार हिश्शांबद्दल त्याच्या मनात प्रश्नच उठत नाही. इतकं लिहिणारा लेखक थोर.

पण नंतर दुकात फुटतो आणि ओरडतो की त्या सगळ्यांना मारून टाकायला हवं होतं. इथून पुढे तो वेगळाच माणूस होतो. सहाव्या पर्वाच्या शेवटी त्याच्या अंगात बेजोरच्या पुराणातली दुष्ट भुतं शिरतात, सातव्यात तो पंथ काढतो, चेहरा बदलून बेजोरी शेतकऱ्याच्या वेशात येतो आणि शेवटी लाल डोळ्यांनी अग्निगुहेत सिस्कोशी झुंजतो.

भाच्याचं म्हणणं असं की लेखकांपुढे इलाज नव्हता. प्रेक्षकांना दुकात आवडू लागला होता, लोक त्याची बाजू घेत होते. किरा आणि त्याचं जुळवण्याची कल्पनाही निघाली होती, आणि नाना व्हिजिटर यांनी ती ठामपणे नाकारली. ते बरंच झालं, त्याबद्दल आमचं एकमत आहे. पण प्रेक्षक चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडतात म्हणून त्या माणसाला सैतान करून टाकणं मला पटत नाही. सैतानाशी माणसाला काही देणंघेणं नसतं. लाल डोळ्यांचा दुकात पाहून कोणाच्या मनात स्वतःविषयी शंका येणार? पुतळा मागणारा दुकात मात्र आपल्या घराण्यात, कार्यालयात, पक्षात शोधला तर सापडतो. लेखकांनी त्याला त्याच्याच शब्दांत बोलत ठेवायला हवं होतं, न्यायालयात उभं करून. गॅलिटेपच्या कारकुनाला खटला हवा होता आणि तो मिळाला नाही. दुकातला तो मिळायलाच हवा होता.

याच शेवटच्या पर्वात काई विनचं पात्र मात्र घसरत नाही. लुईस फ्लेचर ही ऑस्करविजेती नटी बेजोरच्या धर्मप्रमुखाची भूमिका करते : गोड आवाज, प्रत्येकाला 'माझ्या बाळा' म्हणणं, आणि त्यामागे सत्तेची भूक. भाचा तिचा नुसता द्वेष करतो. मी करू शकत नाही. पाचव्या पर्वातल्या 'रॅप्चर'मध्ये ती किराला सुनावते की प्रतिकार फक्त तुम्ही बंदूकवाल्यांनीच केला असं समजू नका. देवांची वचनं शिकवली म्हणून मी पाच वर्षं कार्डासियन छावणीत मार खाल्ला आहे, त्यातला एकेक मार मला आठवतो, आणि माझ्याजवळ हत्यार नव्हतं. त्या एका भाषणाने माझ्या मनातली तिची प्रतिमा पालटली. आयुष्यभर ज्या देवांची सेवा केली ते तिच्याशी कधी बोललेच नाहीत, परक्या सिस्कोशी मात्र बोलतात. शेवटच्या पर्वात ती किराला विचारते, मी काय करू? किरा सांगते, गादी सोडा. विनचा चेहरा तिथे क्षणभर उजळतो आणि मग हळूहळू बंद होतो. गादी सोडणं एवढंच तिला जमत नाही. भुतांच्या कथेत अडकूनही ती माणूसच राहते, तिला कोणी झपाटावं लागत नाही.

आणि दमार. तो सुरुवातीला दुकातचा हाताखालचा, दारू पिणारा, दुकातच्या मुलीला गोळी घालणारा. त्याच्या हाती कार्डासियाची सूत्रं येतात आणि डोमिनियनची गुलामगिरी बघून तो बंड करतो. त्याच्या बायकामुलांना मारलं जातं तेव्हा तो उद्गारतो, असे हुकूम देणारी माणसं कसली? समोर किरा उभी असते. ती तेच वाक्य त्याला परत करते : हो दमार, कसली माणसं देतात असे हुकूम? खोलीत बसलेले सगळे गप्प होतात. 'टॅकिंग इनटू द विंड' हा भाग बघताना आम्ही दोघंही बोललो नाही, आणि आमच्या घरात हे दुर्मीळ.

भाच्याचा आवडता खलनायक बोर्ग आहे, म्हणजे इतरांना पकडून आपल्यात सामावून घेणारी अर्धयांत्रिक जमात. त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला पटवता येत नाही, म्हणूनच तो श्रेष्ठ, असं भाचा सांगतो. १९८९ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या मालिकेत बोर्ग पहिल्यांदा आले आणि १९९० च्या उन्हाळ्यात तिथला कप्तान पिकार्ड यालाच त्यांनी आपलं करून टाकलं, तोवर मी भाच्याशी सहमत आहे. पण १९९६ च्या चित्रपटात त्यांना राणी मिळाली आणि भीती एका चेहऱ्यात आटली. म्हणजे मालिका वेगळी, घसरण तीच : ज्या कारणाने खलनायक भयानक होता तेच कारण काढून टाकायचं.

नायकांच्या बाबतीत लेखक कसे धीट होते ते 'इन द पेल मूनलाइट' या एप्रिल १९९८ च्या भागात दिसतं. तटस्थ राहिलेल्या रोम्युलन साम्राज्याला डोमिनियनविरुद्धच्या युद्धात ओढण्यासाठी सिस्को खोटा पुरावा बनवतो, त्यापायी माणसं मरतात, आणि तो कॅमेऱ्याकडे बघत स्वतःला सांगतो की मी यासह जगू शकतो. फेडरेशनचा अधिकारी असं बोलेल हे आधीच्या मालिकेत शक्यच नव्हतं.

संचाबद्दल : चित्र फिकट आहे, जुन्या चौकोनी आकारात. 'द नेक्स्ट जनरेशन' २०१२ ते २०१४ मध्ये ब्लू-रेसाठी मूळ फिल्मवरून नव्याने तयार केली गेली, तसं हिच्या नशिबी आलं नाही. फिल्मवर चित्रित झाली खरी, पण संकलन आणि विशेष दृश्यं व्हिडिओवर झाली, त्यामुळे पुन्हा करायचं म्हणजे सगळं मुळापासून उभारावं लागतं. मोठ्या टीव्हीवर युद्धाची दृश्यं धूसर दिसतात. चेहरे मात्र नीट दिसतात, आणि या मालिकेत पाहायचे ते चेहरेच. आवाज स्वच्छ आहे. कार्डासियन नटांचे काही शब्द मुखवट्यामुळे निसटतात, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं लावून ठेवा.

सलग पहिल्यापासून बघायचा धीर नसेल, तर सुरुवातीचा दुहेरी भाग बघून थेट 'ड्युएट' बघा. पहिल्या पर्वातले बाकीचे बरेच भाग नंतर बघितले तरी बिघडत नाही. सहाव्या पर्वाचे पहिले सहा भाग मात्र खंड न पाडता बघा, त्यांत स्थानक पुन्हा दुकातच्या हाती गेलेलं असतं आणि किराला त्याच्याच राज्यात राहावं लागतं. 'वॉल्ट्झ' जरूर बघा, आणि त्यावर कोणाशी तरी भांडा. अग्निगुहेतली हाणामारी पुढे सरकवलीत तरी चालेल, फक्त विनचे प्रसंग सोडू नका.