रेनॉक्स डीसीआर-२५०: दवाच्या थेंबात फूल पकडायला हे भिंग घ्यावं का?

दवाच्या थेंबात मागचं फूल उलटं दिसतंय असे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, आणि ते बघून पहिली गोष्ट डोक्यात येते ती मॅक्रो लेन्स, मग किंमत बघतो आणि गप्प मोबाईल खिशात घालतो. पण ५५-२५० किंवा ७०-३०० अशी एखादी झूम लेन्स कपाटात पडून असेल तर जरा थांबा. तिच्या तोंडावर हे छोटं जपानी भिंग चढवलं की काम होतं, आणि थेंबापुरतं बोलायचं तर झकास होतं. काही गोष्टी मात्र बॉक्सवर लिहिलेल्या नसतात, त्या सांगते.

आधी तांत्रिक भाग पटकन उरकू. भिंग ८ डायॉप्टरचं (ताकदीचं माप) आहे, म्हणजे लेन्स इन्फिनिटीला, सगळ्यात लांबच्या फोकसला, ठेवली की भिंगापासून साधारण १२ सेंटीमीटरवरची वस्तू फोकसमध्ये येते, त्याच्या बरंच पुढे किंवा मागे असलेलं सगळं धुकट. किती मोठं दिसेल त्याचा हिशोब सोपा आहे, फोकल लेंग्थ (झूमचा मिमीतला आकडा) घ्या, ८ ने गुणा, १००० ने भागा. २५० ला २ एक्स, १०० ला ०.८ एक्स (१ एक्स म्हणजे वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी). बहुतेक मॅक्रो लेन्सेस १ एक्सला थांबतात हे लक्षात घेतलं तर या किमतीत हे खूपच झालं. आत तीन काचा आहेत, त्यामुळे एका काचेच्या स्वस्त क्लोज-अप फिल्टरने कडांना जो जांभळा-हिरवा रंग येतो तो इथे फारसा दिसत नाही. सोबतची क्लिप ५२ ते ६७ मिमी तोंडाच्या लेन्सवर बसते, दोन्ही बाजूची बटणं दाबायची आणि सोडायची, बस्स. वाईड एंडला कोपरे काळे पडतात, पण तिथे हे भिंग वापरायचं कारणच नाही.

आता खरी गंमत. थेंब स्वतःच एक भिंग आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे गोल थेंबातून येणारं मागच्या फुलाचं चित्र थेंबाच्या आत नसतंच, ते थेंबाच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला हवेत तयार होतं, थेंबाच्या मध्यापासून जवळजवळ त्याच्या व्यासाएवढ्या अंतरावर. म्हणून थेंबाची कड टकाटक शार्प आली की फूल मऊ, आणि फूल शार्प केलं की कड मऊ. लोकांना वाटतं हात हलला, ऑटोफोकस चुकला, लेन्स खराब. तसं काही नसतं, दोन वेगळी अंतरं आहेत ती. १ एक्सला अ‍ॅपर्चर एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) शार्प पट्टा एक मिलिमीटरपेक्षाही कमी मिळतो, म्हणजे अगदी बारीक थेंब त्यात कसाबसा मावतो आणि ३ मिमीचा मावतच नाही. टपोरे थेंब बघून हुरळून जाऊ नका, बारीक थेंब शोधा. मोठाच हवा असेल तर एक फ्रेम कडेवर, एक फुलावर, आणि घरी येऊन दोन्ही स्टॅक करा, म्हणजे जोडून एक करा.

या भिंगाचा फायदा नेमका इथे आहे असं माझं मत. झूम फिरवून मॅग्निफिकेशन बदलता येतं आणि थेंबापासूनचं अंतर तेच राहतं, म्हणजे २०० ला फ्रेम जुळली नाही तर १३० ला जा, स्टँड हलवायला नको. फोकस रिंगला हात लावायचा नाही, अख्खा कॅमेराच तीळभर पुढे-मागे करायचा.

फूल किती लांब ठेवायचं हे कुठल्याच व्हिडिओत धड सांगत नाहीत. फुलाच्या रुंदीएवढ्या अंतरावर ठेवलं तर थेंब काठोकाठ भरतो पण पाकळ्या कडेला वाकड्या होतात, दुप्पट लांब नेलं तर अर्धा थेंबच भरतो. दीडपट बरं. सहा सेंटीमीटरचा झेंडू असेल तर नऊ सेंटीमीटर मागे. आणि हो, फूल उलटं टांगायचं, देठ वर, म्हणजे थेंबात सुलटं दिसतं. दसऱ्याचे उरलेले झेंडू चालतात, शेवंती उत्तम. अबोली मात्र इतकी चपटी आणि लहान की थेंबात नुसता केशरी ठिपका उरतो, तिचा वळेसरच (गजराच) टांगला तर काहीतरी दिसतं.

गोव्यात हे करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आभाळ नितळ आणि वारा पडलेला असला की फोंडा, डिचोली, सत्तरीच्या बाजूला पहाटे गवत भिजून चिंब असतं. माझी आवडती जागा म्हणजे वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी, भाताचं शेत. पात्याच्या टोकाला जो एकच गोल थेंब असतो ना, तो बहुतेक वेळा दव नसतोच, रोपाने मुळातून ओढलेलं जास्तीचं पाणी टोकातून बाहेर टाकलेलं असतं. फोटोला काय फरक पडतो? पडतो, कारण तो थेंब दर पात्याला एकाच जागी सापडतो आणि चांगला गोल असतो. बांधावर आडवी पडून मी फोकस लावत होते तर एक म्हातारे शेतकरी येऊन उभे राहिले, म्हणाले, "कितें सोदता गो बाय, मुदी शेणली?" (काय शोधतेस गं, अंगठी हरवली?) त्यांना स्क्रीनवर थेंबातला झेंडू दाखवला तर चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले आमच्या भाताक झेंडू कित्याक लायलो (भाताला झेंडू कशाला लावला). उत्तर नव्हतं माझ्याकडे.

पावसाळ्यात हेच चोर्ला घाटाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, करता येतं. तिथे ड्रॉसेरा उगवते, किडे खाणारी, तिच्या केसांवरचे चिकट थेंब ऊन आलं तरी लगेच सुकत नाहीत. पण ते इतके बारीक असतात की २५०-३०० ला पूर्ण झूम करूनच काही दिसतं. आणि प्लीज सड्यावर बघून पाय टाका, दोन इंचाची झाडं असतात ती.

तक्रार सांगायची तर १२ सेंटीमीटर अंतर कमी पडतं. भिंगाची सावली पडते, श्वासाने पातं हलतं, आणि ट्रायपॉडचा पाय शेजारच्या गवताला लागला की थेंब गेला. फ्लॅश मारला तर थेंबावर पांढरा चौकोन उमटतो, त्यामुळे डिफ्यूझर लागतोच, मी दुधाच्या पिशवीवर भागवते. याचाच भाऊ डीसीआर-१५० आहे, ४.८ डायॉप्टर, तो साधारण २० सेंटीमीटर अंतर देतो. ज्यांना अख्खं पातं, ओळीने चार थेंब आणि मागे फूल अशी फ्रेम हवी त्यांनी सरळ १५० घ्यावं. एकाच थेंबात घुसायचं असेल तर २५०.

बुरशीचं वेगळं सांगायला नको, गोव्यात जून ते सप्टेंबर कुठलीही काच कपाटात ठेवली की जाळं धरतं. याची डबी छोटी आहे, सिलिका जेलची पुडी आत मावत नाही, म्हणून मी ते डबीतून काढून हवाबंद डब्यात जेलसोबत ठेवते. जेल रंग बदलतं ते घ्या म्हणजे कधी तापवायचं ते कळतं.

ऑर्डर करण्याआधी लेन्सच्या तोंडावर Ø चिन्हापुढचा आकडा बघा. ५२ पेक्षा लहान किंवा ६७ पेक्षा मोठा असेल तर क्लिप बसणार नाही. खरं तर बसत असली तरी मी क्लिप वापरत नाही, भिंगाची मागची आटी ४३ मिमीची आहे, एका बाजूला तुमच्या लेन्सचं माप आणि दुसऱ्या बाजूला ४३ असलेली रिंग घेऊन सरळ फिरवून बसवा, वाकून काम करताना खाली पडायची भीती नाही. रिंग धातूची घ्या.