कॉलेजच्या लॅबसाठी एसडीआर घेताना: आरटीएल-एसडीआर, हॅकआरएफ, प्लूटो की यूएसआरपी?

मुंबईतल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कम्युनिकेशन लॅबला यंदा एसडीआर (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे ज्याचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं असा रेडिओ) घ्यायचे आहेत, मंजूर रक्कम बेताची आहे आणि टेबलावर चार वेगवेगळ्या उपकरणांची कोटेशनं आहेत, असं धरून हे लिहितो आहे. स्वतःच्या पैशाने एकच नग घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. मत आधीच सांगून टाकतो: ऐकण्यासाठी आरटीएल-एसडीआर, शिकवण्यासाठी प्लूटो, आणि ४जी-५जीवर मन लावून काम करणारा गट तयार असेल तरच यूएसआरपी. हॅकआरएफ मी या कामासाठी घेणार नाही.

कोटेशनमध्ये सगळ्यात ठळक छापलेली असते ती फ्रिक्वेन्सीची रेंज, आणि तीच बघून निर्णय होतात. हॅकआरएफ १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, यूएसआरपी कुळातला बी२१० हा ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, प्लूटो ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ आणि आरटीएल-एसडीआर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. या हिशेबाने हॅकआरएफ पहिला येतो. पण एडीसी (अँटेनातला सिग्नल आकड्यांत बदलणारा भाग) किती बिटांचा आहे आणि आतलं घड्याळ किती अचूक आहे, या दोन ओळी त्याहून महत्त्वाच्या आहेत.

आधी बिट. आरटीएल-एसडीआर आणि हॅकआरएफ ८ बिटांचे, प्लूटो आणि बी२१० हे १२ बिटांचे. आदर्श ८ बिटी एडीसीची डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच वेळी पकडता येणाऱ्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात क्षीण सिग्नलमधलं अंतर, जेमतेम ५० डेसिबल असते, १२ बिटी एडीसीची ७४. मुंबईत हा फरक रोज जाणवतो. एफएमची ताकदवान प्रक्षेपणं, गच्चीगच्चीवरचे मोबाइल टॉवर, लिफ्टच्या मोटरी आणि एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, असा सगळा गोंगाट अँटेनात एकदमच शिरतो. बंदरातल्या जहाजांचे एआयएस (स्वतःची ओळख आणि जागा कळवणारे) संदेश १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर येतात. ते क्षीण असतात आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरचा एफएम रिसीव्हरला आधीच दाबून टाकतो. गेन वाढवला की ओव्हरलोड होतो, कमी केला की जहाज दिसेनासं होतं. त्यामुळे ८ बिटी डोंगल, म्हणजे आरटीएल-एसडीआर, घेणार असाल तर एफएम बँड अडवणारा फिल्टर त्याच ऑर्डरमध्ये टाका. डोंगलचं महागडं मॉडेल घेण्यापेक्षा हा खर्च जास्त कामाला येतो.

आता घड्याळ. प्लूटोच्या ऑसिलेटरची, म्हणजे या घड्याळाची, चूक २५ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २५ भाग) जाऊ शकते, बी२१० ची २ पीपीएम. १८०० मेगाहर्ट्झवर २५ पीपीएम म्हणजे ४५ किलोहर्ट्झ आणि एलटीईच्या (४जीच्या) दोन सबकॅरिअरमधलं, म्हणजे सिग्नल ज्या अरुंद लहरींवर वाटलेला असतो त्यांच्यातलं, अंतर आहे १५ किलोहर्ट्झ. म्हणजे सिग्नल तीन घरं सरकलेला असणार. बी२१० वर तोच फरक ३.६ किलोहर्ट्झचा. खऱ्या मोठ्या बेस स्टेशनला ३जीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक फक्त ०.०५ पीपीएमची मुभा देतं, म्हणून फोन जोडायचा असेल तर बी२१० लाही जीपीएसशी जुळवलेलं घड्याळ बसवलेलं बरं. आरटीएल-एसडीआर ब्लॉग या विक्रेत्याच्या स्वस्त डोंगलमध्ये १ पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा ऑसिलेटर) असतो. या एका बाबतीत तो प्लूटोच्या पुढे आहे.

आरटीएल-एसडीआर मुळात टीव्हीचा डोंगल. त्यातली आरटीएल२८३२यू चिप कच्चे सॅम्पल बाहेर देते हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आलं आणि या विषयाचा दरवाजा सगळ्यांसाठी उघडला. हे उपकरण फक्त ऐकतं आणि एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ पाहतं. काही हजारांत येत असल्यामुळे प्रत्येक टेबलावर एक ठेवता येतं. आकाशवाणीचं एफएम डिमॉड्युलेट करणं किंवा सांताक्रूझ विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे एडीएस-बी (स्वतःची जागा आणि उंची कळवणारे) संदेश वाचणं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना याहून चांगला पहिला प्रयोग मला माहीत नाही. फक्त अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांचे जुने ट्युटोरियल बाजूला ठेवा. १३७ मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवणारे नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. रशियाचे मेटिऑर उपग्रह त्या पट्ट्यात अजून आहेत, पण ते डिजिटल आहेत.

हॅकआरएफबद्दल मला आदर आहे. मायकल ऑसमन यांनी तो पूर्ण ओपन हार्डवेअर म्हणून जगापुढे ठेवला, आणि सुरक्षेच्या तपासणीत, म्हणजे गाडीची चावी, गेटचा रिमोट अशा गोष्टी अभ्यासताना, त्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. पण तो हाफ-डुप्लेक्स आहे: एका वेळी एक तर पाठवतो किंवा ऐकतो. कम्युनिकेशन लॅबमध्ये मुलांना पाठवलेला आणि मिळालेला सिग्नल शेजारीशेजारी बघायचा असतो आणि नेमकं तेच इथे एका नगावर जमत नाही. शिवाय त्याच्या इनपुटवर उणे ५ डीबीएमपेक्षा जास्त पॉवर गेली तर पुढचा अँप्लिफायर जळू शकतो. तीस मुलांच्या हाताळणीत हा धोका मोठा आहे.

प्लूटो फुल-डुप्लेक्स आहे. एका एसएमए केबलने आणि मध्ये ३० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) लावून त्याचं तोंड त्याच्याच कानाला जोडता येतं. हवेत काहीही न सोडता क्यूपीएसके, ओएफडीएम या मॉड्युलेशनच्या पद्धती, बिट एरर रेट, सगळं केबलवर शिकवता येतं. आत झिंक चिप आहे, तिच्यात प्रोसेसर आणि एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारा भाग) दोन्ही आहेत, तिच्यावर लिनक्स चालतं, म्हणजे एफपीजीएचा प्रकल्पही त्यावरच होतो. मॅटलॅब आणि जीएनयू रेडिओ या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याला आधार आहे. उणीव यूएसबी २.० ची. चिप २० मेगाहर्ट्झ पाहू शकते, पण १२ बिटांचे सॅम्पल चार-चार बाइटांत जात असल्याने लॅपटॉपपर्यंत सलग पोहोचतात ते सेकंदाला पन्नासेक लाख. आणि ३२५ मेगाहर्ट्झखाली तो अधिकृतपणे जात नाही, म्हणून एफएम आणि एआयएससाठी डोंगल लागतोच. सेटिंग बदलून रेंज ७० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवायची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती चालतेही, पण त्या रेंजची हमी तो बनवणारी अॅनालॉग डिव्हायसेस देत नाही.

बी२१० लाखाच्या वर जातो. यूएसबी ३.०, ५६ मेगाहर्ट्झ बँडविड्थ, दोन पाठवणारे आणि दोन ऐकणारे चॅनेल. एसआरएसरॅन किंवा ओपनएअरइंटरफेस हे मोबाइल नेटवर्कचं सॉफ्टवेअर चालवून स्वतःचं छोटं ४जी किंवा ५जी सेल उभं करायचं तर हाच लागतो. पण जिओचा ३.५ गिगाहर्ट्झमधला १०० मेगाहर्ट्झचा पट्टा अख्खा पकडू म्हणाल, तर तोही पुरत नाही. खरेदीआधी एक करून बघा: एसआरएसरॅनमध्ये झिरोएमक्यूची (सॅम्पल रेडिओऐवजी सॉफ्टवेअरनेच पोहोचवण्याची) सोय आहे, तिने बेस स्टेशन आणि फोन दोन्ही रेडिओशिवाय एकाच संगणकावर चालतात. विद्यार्थी त्यावर एक सत्र टिकले तर बी२१० मागवा. नाही टिकले तर तो कपाटात पडून राहील, आणि तेवढ्या पैशात प्लूटोची अख्खी रांग आली असती.

मुलांना पुढे कुठे पाठवायचं, हाही या निर्णयाचा भाग आहे. व्यापारी क्षेत्रात एसडीआर लवकर रुजला. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २००४ मध्ये व्हानू कंपनीच्या जीएसएम बेस स्टेशनला पहिली एसडीआर मान्यता दिली. तिथे ओएफडीएम, लिनक्स आणि वेगवान सी++ येणारा माणूस लागतो, म्हणजे प्लूटो आणि मग बी२१०. सरकारी आणि संरक्षण क्षेत्राची गरज वेगळी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एसडीआर-टॅक या रेडिओसाठी बीईएलशी (भारत इलेक्ट्रॉनिक्सशी) हजार कोटींवरचा करार केला. तो डीआरडीओच्या डेहराडूनमधल्या डील प्रयोगशाळेसह अनेक संस्थांनी मिळून घडवलेला, जहाजावर बसणारा चार चॅनेलचा संच आहे. अशा ठिकाणी कळीचा प्रश्न असतो की एका कंपनीच्या रेडिओसाठी लिहिलेलं वेव्हफॉर्म (सिग्नल कसा घडवायचा आणि वाचायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्या कंपनीच्या रेडिओवर चालेल का. अमेरिकी सैन्याचा जेटीआरएस हा रेडिओ कार्यक्रम याच मोठ्या स्वप्नामागे अनेक वर्षं धावला आणि त्यातला वाहनांवरच्या रेडिओचा प्रकल्प २०११ मध्ये रद्द करावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओ आणि तिन्ही दलांनी आयआरएसए (इंडियन रेडिओ सॉफ्टवेअर आर्किटेक्चर) हे भारतीय मानक जाहीर केलं, ते याच प्रश्नावर. हे कोणतंही महाग यूएसआरपी शिकवत नाही. एकच वेव्हफॉर्म आधी प्लूटोवर आणि मग यूएसआरपीवर चालवून दाखवा, असा प्रकल्प दिला तर मात्र त्याची खरी चव कळते. म्हणून लॅबमध्ये दोन वेगळ्या घराण्यांची उपकरणं असावीत, असं मी आग्रहाने म्हणेन.

परवान्याचा मुद्दा खरेदीआधीच मिटवा. डोंगल सोडून बाकी तिन्ही उपकरणं प्रक्षेपण करतात आणि आयातीच्या वेळी डब्ल्यूपीसीच्या (दूरसंचार विभागाच्या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेच्या) मान्यतेचा प्रश्न येतो. कागदपत्रं कोण देणार हे विक्रेत्याकडून कोटेशनवरच लिहून घ्या. हवेत सिग्नल सोडायचा तर परवानामुक्त पट्टा आणि त्याची पॉवर मर्यादा पाळावी लागते, नाहीतर हौशी रेडिओचा परवाना असलेल्या व्यक्तीने तिच्या पट्ट्यातच प्रक्षेपण करायचं. केबल, एसएमए कनेक्टर आणि अटेन्युएटर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वतः जाऊन, हातात घेऊन बघा. कनेक्टर थोडे जास्तच आणा, कारण गच्चीवरचे पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत लवकर गंजतात.